केशवराव भोसले नाट्यगृह, कोल्हापूर : आगीनंतरच्या प्रकल्प नोंदी

९ ऑगस्ट २०२४, शुक्रवार

काल रात्री नाट्यगृह जळालं. आज संगीतसूर्य केशवराव भोसले यांची १३४ वी जयंती. जयंतीच्या आदल्याच रात्री, त्यांच्याच नावाच्या वास्तूला आग लागली. सकाळी खासबागेच्या अंगाने जेवढं दिसलं तेवढं पाहून आलो. छप्पर खाली आलंय. रंगमंच आणि खुर्च्या गेल्या. दगडी भिंती उभ्या आहेत. बाहेर रंगकर्मींची गर्दी होती, बरेच जण रडत होते, आणि कोणीच कोणाला समजावत नव्हतं.

दुपारी चार जण माझ्या घरी बसलो. मी ड्राफ्ट्समन, नकाशे काढण्यात आयुष्य गेलेला. दुसरा ध्वनिसंयोजक, तिसरा छायाचित्रकार. चौथ्या आमच्या बाई, निवृत्त शिक्षिका, हौशी रंगभूमीवर तरुणपणापासून. बोलणं एकाच प्रश्नावर येऊन थांबलं. ‘होतं तसं बांधा’ असं आज सगळे म्हणताहेत, पण होतं तसं म्हणजे कसं, हे कुठे लिहून ठेवलंय?

बांधकाम महापालिकेचं आणि सरकारचं. आम्ही एवढंच करायचं ठरवलं, की आगीआधीचं नाट्यगृह जिथे जिथे नोंदलं गेलंय तिथून ते गोळा करायचं : फोटो, चित्रफिती, वह्या, तिकिटं, आसनांचे तक्ते, माणसांच्या आठवणी. त्यातून मापं काढायची आणि नकाशावर आणायची. जे मोजता आलं ते एका रंगात, अंदाजाने आलं ते दुसऱ्या, नुसतं ऐकीव ते तिसऱ्या. हे तीन रंग कधीही एकमेकांत मिसळायचे नाहीत, हा पहिला नियम.

११ ऑगस्ट

पाऊस थांबत नाही. ऑगस्टमधल्या कोल्हापुरात छप्पर नसलेली भिंत म्हणजे आगीनंतरचं दुसरं संकट, आणि याची चर्चा कोणी करत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

आगीत दगडी भिंत जळत नाही, पण तापते. आपला काळा दगड उष्णता बरीच सोसतो. मात्र तापलेल्या दगडावर बंबाचं गार पाणी पडलं की त्याचे पापुद्रे सुटतात, कोपरे उडतात. चुन्याचं त्याहून अवघड. साधारण ८०० अंशांच्या पुढे सांध्यांतला जुना चुना पुन्हा कळीच्या चुन्यासारखा होतो आणि पाणी मिळालं की फुगतो. बाहेरून दर्जा (दगडांमधल्या फटी) भरलेल्या दिसतील, आत मात्र माल भुसभुशीत झालेला असेल. डोळ्यांना हे कळत नाही. हातोडीने हलकं ठोकून आवाज ऐकावा लागतो, जागोजाग नमुने काढावे लागतात.

लोखंड आणि लाकूड यांचं लोकांना वाटतं त्याच्या उलट असतं. लोखंड ५५० ते ६०० अंशांना आपली निम्मी ताकद गमावून बसतं. त्याआधी ते लांबतं आणि ज्या भिंतीवर टेकलेलं असतं तिला बाहेर ढकलतं. म्हणून जळालेल्या इमारतीत भिंतीच्या माथ्याला ओळंबा लावून बघायचा, ती बाहेर कलली आहे का. सागवानी तुळई वरून कोळसा होते, पण तो कोळसाच आतल्या लाकडाची ढाल बनतो. मिनिटाला पाऊण मिलिमीटरहूनही कमी वेगाने आग आत शिरते. काळं पडलेलं प्रत्येक लाकूड टाकाऊ नसतं. तासून, आतलं मोजून मग ठरवायचं.

छप्पर गेल्यावर भिंतींना वरून धरणारं काही उरत नाही. त्या सुट्या उभ्या राहतात आणि वारा त्यांना हलवू शकतो. आधी टेकू, मग तात्पुरतं छत, भेगांवर काचेच्या पट्ट्या. पट्टी तडकली की भिंत हलते आहे असं समजायचं. काजळी पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुवायची नाही, कारण ती दगडाच्या रंध्रांत आणखी खोल जाते. आधी कोरडी झाडणी.

सगळ्यात महत्त्वाचं ढिगाऱ्याचं. ढिगारा म्हणजे कचरा नव्हे. दाराची एक बिजागरी, छताच्या पट्टीचा तुकडा, चुन्याचा ढेकूळ, जिन्याच्या कठड्याची लाकडी नक्षी, यांतलं एक जरी सापडलं तरी त्यावरून बाकीची पुन्हा घडवता येतात. १९९२ मध्ये इंग्लंडचा विंडसर किल्ला जळाला तेव्हा पुरातत्त्वाच्या लोकांनी राख चाळून असे तुकडे वेगळे केले होते. जागेचे चौकोन आखायचे, कुठला तुकडा कुठल्या चौकोनात मिळाला ते लिहायचं, मगच तो हलवायचा. हे सगळं एका पानावर लिहून महापालिकेत आवक नोंद करून दिलं.

१४ ऑगस्ट

इतिहासाची टाचणं बाईंनी केली. खात्रीचं तेवढंच इथे उतरवतो.

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. रोममध्ये त्यांनी जुनं गोल क्रीडागार पाहिलं आणि परतल्यावर कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबाग मैदान उभं केलं. त्याला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर बांधलं. कुस्तीचं मैदान आणि नाटकाचं घर पाठीला पाठ लावून, एकाच राजाच्या मनातून आलेलं. ज्या संस्थानाने शाळा, वसतिगृहं आणि राधानगरीचं धरण यांवर पैसा खर्च केला, त्यानेच गाण्याबजावण्यासाठी पक्क्या दगडाचं घर बांधलं. महाराजांच्या हिशेबात हे चैनीचं खातं नव्हतं, असं मला मनापासून वाटतं. मल्ल आणि गवई, दोघेही त्यांच्या लेखी राज्याची संपत्ती होते.

पुढे पॅलेस थिएटरला केशवरावांचं नाव दिलं गेलं. १८९० मध्ये कोल्हापुरात जन्मलेला हा मुलगा ‘शारदे’च्या भूमिकेत गाजला, १९०८ मध्ये त्याने हुबळीला ललितकलादर्श मंडळी काढली. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्वांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केला आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला तो गेला. वय एकतीस.

२५ ऑगस्ट

आवाहनानंतर फोटो येऊ लागलेत. शाळांची स्नेहसंमेलनं, राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, सत्कार, नृत्याच्या क्लासचे वार्षिक कार्यक्रम. अडचण एकच : लोक माणसांचे फोटो काढतात, इमारतीचे नाही. नाट्यगृह दिसतं ते कोणाच्या तरी खांद्यामागे, कुठल्यातरी बक्षीस समारंभाच्या कडेला, अर्धवट. पण एकाच कोपऱ्याचे वेगवेगळ्या वर्षांतले पुरेसे फोटो जमले की तो कोपरा पूर्ण होतो.

फोटोवरून माप काढायचं तर चौकटीत एखादी माहीत असलेली लांबी लागते. ती आमच्याकडे आहे, कारण भिंती वाचल्यात. दर्शनी बाजूच्या दगडांचे थर रस्त्यावरून आजही मोजता येतात. एका थराची उंची कळली, की त्याच भिंतीच्या जुन्या फोटोतल्या खिडकीची, कमानीची, पागोळीची उंची काढता येते. भिंतीचा कोन आणि कॅमेऱ्याची जागा ध्यानात घेऊन गणित करावं लागतं, वेळखाऊ आहे, पण उत्तर भरवशाचं येतं. छायाचित्रकाराने आज बाहेरून दर दोन पावलांवर एकेक फोटो घेत दर्शनी भागाची पूर्ण मालिका केली. त्यावरून संगणकावर त्रिमित ढाचा होईल. जे वाचलंय ते आधी नोंदायचं. उद्या दुरुस्तीत त्याचंही रूप बदलणारच आहे.

आतल्या भागाला असा हक्काचा मापदंड नाही. तिथे खुर्चीची रुंदी, रंगमंचावरच्या उभ्या माइकचा दांडा, हार्मोनिअमची पेटी असं काहीतरी धरून चालावं लागेल. पेटीचा उपयोग चांगला होतोय.

६ सप्टेंबर

उद्यापासून गणपती. दहा दिवस काम बंद. आसनांचा एक छापील तक्ता मिळाला, जुन्या तिकीट विक्रीच्या कागदांत दुमडलेला. रांगा आणि क्रमांक स्पष्ट आहेत. पहिला रंग.

२२ सप्टेंबर

आजचा दिवस या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा.

दौऱ्यावरच्या व्यावसायिक नाटकांबरोबर वर्षानुवर्षं सेट घेऊन फिरलेल्या एका काकांकडे गेलो. आता घरीच असतात. त्यांच्याकडे लांबट हिशेबाच्या वह्या आहेत, महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या नाट्यगृहांच्या. प्रत्येक गावाला एक पान. रंगमंचाची उघड (समोरच्या तोंडाची रुंदी), मागपर्यंतची खोली, दोन्ही बाजूंच्या विंगांमागे मोकळी जागा किती, झालरीची (मंचावरच्या आडव्या पट्टीवजा पडद्याची) उंची, दिव्यांचे बार किती आणि कुठे, ट्रक कोणत्या दाराला लागतो, मोठा फ्लॅट (सेटची उभी चौकट) आडवा करून न्यावा लागतो की उभा जातो. पेन्सिलीने लिहिलेलं, फुटात आणि इंचात. नूतनीकरणानंतर काही बदललं असेल तर जुना आकडा खोडलेला नाही, शेजारी नवा आणि खाली वर्ष.

मी विचारलं, काका, प्रत्येक वेळी मोजत होता?

“रोज कशाला मोजायचं? पयल्या येळी मोजलं की लिवून ठेवायचं. मग मुंबईत फ्लॅट कापतानाच कोल्हापूर डोस्क्यात आसतं. पडदा उगडायला दोन तास आसतात, तवा टेप शोधत बसलास तर नाटक झालं.”

त्यांच्या दृष्टीने ही फक्त धंद्याची वही. माझ्या दृष्टीने हा अभ्यासू हाताने केलेला, वर्षांसह नोंदलेला मोजणी-दस्तऐवज आहे, आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही दप्तरात असा दुसरा मिळेल असं वाटत नाही. कोल्हापूरच्या पानाचे फोटो घेतले. मग त्यांच्या परवानगीने सगळ्याच पानांचे घेतले.

घरी येऊन एका प्रकाशयोजनाकाराच्या आराखड्याशी ती मापं ताडून पाहिली. उघडीचा आकडा जुळला. खोलीत थोडा फरक आहे, कारण दिवेवाला मागच्या पडद्यापर्यंत मोजतो आणि सेटवाला भिंतीपर्यंत. दोघंही बरोबर. नकाशावर दोन्ही रेषा काढल्या आणि कोणती कोणाची ते लिहिलं.

रंगमंचाखालच्या पोकळीबद्दलही विचारलं. आवाज घुमावा म्हणून मंचाखाली खोल खड्डा ठेवला होता, असं कोल्हापुरात घरोघरी सांगतात. त्याची खोली, आकार, त्यात पाणी असायचं का, याच्या जेवढ्या तोंडी तेवढ्या गोष्टी. काका म्हणाले, “खाली उतरल्याबिगर मी सांगणार न्हाई.” म्हणून तो तिसऱ्या रंगात राहिला. काम करणाऱ्यांनी मंचाखालची जमीन नव्याने भरण्याआधी ती मोजावी, अशी ठळक टीप जोडली आहे. एकदा तिथे काँक्रीट पडलं तर हा प्रश्न कायमचा बंद होईल.

४ ऑक्टोबर

केशवरावांचा स्मृतिदिन. आजची नोंद आवाजाबद्दल, आणि जरा लांबणार आहे.

१९१५ मध्ये ध्वनिक्षेपक नव्हता. संगीत नाटक मांडायचं ते गळ्याच्या जोरावर, ऑर्गन आणि तबल्याच्या साथीने, शेवटच्या रांगेपर्यंत. म्हणजे त्या काळच्या नाट्यगृहाच्या भिंती, छताचा उतार, लाकडी तक्तपोशी यांचं पहिलं काम गळ्याला मदत करणं हे होतं. केशवरावांचा आवाज तर तिन्ही सप्तकांत चढणारा. आज प्रत्येक नटाजवळ माइक असतो. त्यामुळे नव्याने बांधलेल्या घरात मूळचा ध्वनिगुण हरवला तर पहिल्या प्रयोगाला कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून दिसण्याइतकीच ऐकण्याची नोंद हवी, असा माझा आग्रह आहे.

अमेरिकेतल्या वॉलेस सेबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात गाद्या आत-बाहेर नेत, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यातून सूत्र मिळालं : खोलीचं घनफळ वाढलं की घुमणं वाढतं, आवाज शोषणारी पृष्ठं वाढली की कमी होतं. दगड आणि गिलावा आवाज परत फेकतात. गाद्या, पडदे, गालिचे आणि माणसं तो पितात. संवादांसाठी हा विरण्याचा काळ एका सेकंदाच्या आसपास लागतो, गाण्याला थोडा जास्त. संगीत नाटकाला या दोहोंच्या मधली जागा हवी. त्यात इकडेतिकडे झालं तर एक तर शब्द बुडतो किंवा सूर कोरडा पडतो.

आता जळालेल्या घराचा हा काळ कसा मोजायचा? ध्वनिसंयोजक मित्राची युक्ती अशी, की तिथल्या जुन्या चित्रफितींत एखादा अचानक, छोटा, मोठ्याने झालेला आवाज आणि त्यानंतरची शांतता शोधायची. तो आवाज विरताना जी शेपटी उरते ती त्या खोलीची असते. तिसरी घंटा आधी तपासली, पण घंटा स्वतःच वाजत राहते, तिच्यातून खोलीचा आवाज वेगळा निघत नाही. टाळ्यांचा कडकडाट उपयोगाचा नाही. चांगलं निघालं ते नारळ फुटणं. प्रयोगाआधी मंचावर वाढवलेला नारळ, कडक आवाज, पाठोपाठ क्षणभर सगळे गप्प. लाकडी ठोकळा पडल्याचा एक आवाजही मिळाला, तोही छान आहे.

मोबाइलवरच्या मुद्रणाला मर्यादा आहेत. मोबाइल स्वतःच आवाज दाबतो-वाढवतो, आणि नाट्यगृह भरलेलं होतं की रिकामं हेही निकालात फरक पाडतं. म्हणून एका फितीवरून आकडा जाहीर करायचा नाही. जेवढ्या मिळतील तेवढ्या जमवायच्या, प्रत्येकीत प्रेक्षक अंदाजे किती होते ते लिहायचं आणि पट्टा द्यायचा : एवढ्यापासून एवढ्यापर्यंत. दुसरा रंग.

व्हेनिसचं ला फेनिचे नाट्यगृह २९ जानेवारी १९९६ ला जळालं. त्याच्या थोडं आधी संशोधकांनी त्याच्या ध्वनीची रीतसर मोजणी करून ठेवली होती, आणि राख झाल्यावर त्या नाट्यगृहाचा आवाज त्या मोजणीत शिल्लक होता. आपल्याकडे नारळ आहेत. तेही कमी नाही.

२० ऑक्टोबर

पडद्यांचा शोध. केशवरावांच्या काळात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. आनंदराव गेल्यावर बाबूरावांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. रंगवलेले पडदे गुंडाळून वर जायचे. त्यामुळे मूळ मंचाची उंची आणि वरची रिकामी जागा त्या पद्धतीला धरून असणार. हा अंदाज आहे. पडदा अद्याप एकही मिळालेला नाही.

५ नोव्हेंबर, रंगभूमी दिन

नटराजपूजनानंतर आमच्यात चांगलंच वाजलं. कोणतं नाट्यगृह परत आणायचं? १९१५ चं पॅलेस थिएटर, की आगीच्या आदल्या दिवशीचं, शंभर वर्षांच्या दुरुस्त्या आणि नूतनीकरणं अंगावर घेतलेलं?

छायाचित्रकाराचं म्हणणं, शाहू महाराजांनी बांधलं तेच बांधा, मधली भर पुसून टाका. बाई म्हणाल्या, मग आम्ही ज्यात काम केलं ते नाट्यगृह खोटं होतं का? मी बाईंच्या बाजूचा आहे, पण कारण वेगळं. १९१५ च्या आतल्या भागाबद्दल आमच्याकडे मोजलेलं फार थोडं आहे. पुराव्याशिवाय ‘मूळ’ म्हणून जे बांधलं जाईल ते आजच्या कोणाच्यातरी कल्पनेतलं १९१५ असेल आणि लोक त्यालाच इतिहास समजतील. ज्याचा पुरावा आहे ते पुराव्याप्रमाणे करावं. ज्याचा नाही ते साधं, आजचं, चांगलं करावं आणि ते आजचं आहे हे दिसू द्यावं. दगडी भिंतीत नवा दगड बसवला तर त्याच्या मागच्या अंगावर वर्ष कोरावं.

ला फेनिचेवाल्यांनी ‘जिथे होतं तिथे, जसं होतं तसं’ हे ब्रीद घेतलं होतं. ते त्या शहराला १९०२ मध्ये कोसळलेल्या आणि १९१२ मध्ये पुन्हा उभ्या राहिलेल्या घंटाघरापासून मिळालेलं. आल्डो रॉसी यांच्या आराखड्याप्रमाणे काम झालं, आणि सजावटीच्या तपशिलांसाठी १९५४ च्या एका चित्रपटातली दृश्यं वापरली, कारण त्याची सुरुवात त्याच नाट्यगृहात चित्रित झाली होती. डिसेंबर २००३ मध्ये ते उघडलं. त्यांना ‘जसं होतं तसं’ म्हणता आलं, कारण दाखवायला काहीतरी हाती होतं.

८ डिसेंबर

काल पॅरिसचं नोत्र दाम पुन्हा उघडलं. १५ एप्रिल २०१९ ला जळालं होतं. रात्री उशिरापर्यंत जागून पाहिलं.

बातम्यांत पैशांचे आकडे आहेत. मला त्यातली दोन माणसांची वेगळी कामं सांगायची आहेत. अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासाच्या प्राध्यापकाने आगीच्या काही वर्षं आधी लेझरने त्या चर्चची आतून-बाहेरून मोजणी केली होती. २०१८ मध्ये तो वारला. आग त्याने पाहिली नाही आणि आपलं काम कशाला उपयोगी पडलं तेही नाही. दुसरं काम रेमी फ्रोमाँ आणि त्याचा सहकारी सेद्रिक त्राँतसो यांचं. २०१४ मध्ये या दोघा वास्तुविशारदांनी छपराखालच्या मध्ययुगीन ओकच्या लाकडी सांगाड्याची हाताने, जोड न् जोड पाहत मोजणी करून नकाशे काढले. पाच वर्षांनी तो सांगाडा पूर्ण जळाला. तो पुन्हा जसाच्या तसा रचताना हेच नकाशे हाताशी होते, आणि फ्रोमाँ स्वतः त्या कामावरच्या मुख्य वास्तुविशारदांपैकी एक होता.

दुसरं टोक आपल्याकडेच आहे. पुण्याचा शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ ला पेटला आणि कित्येक दिवस जळत राहिला. तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि जोती राहिली. आतल्या महालांचे मोजून काढलेले नकाशे आमच्या तरी माहितीत नाहीत. आज आपण जोत्यांवरून फिरतो आणि वर काय होतं ते वर्णनांवरून कल्पतो. तिथे परत उभं करता येण्यासारखं काही उरलेलंच नाही, कारण नोंद नाही.

१९ जानेवारी २०२५

आगीपासूनच्या बचावाचं टिपण पूर्ण. नाट्यगृहांचा हा इतिहास भीषण आहे. ८ डिसेंबर १८८१ ला व्हिएन्नाचं रिंगथिएटर जळालं, शेकडो माणसं गेली आणि मंच व प्रेक्षागृह यांच्यामध्ये लोखंडी पडदा ठेवण्याची सक्ती आली. ३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात आग अडवायला ॲस्बेस्टॉसचा पडदा होता, पण तो खाली येताना अडकला. ६०२ जणांचा जीव गेला. त्यानंतर आतून नुसता रेटा दिला की उघडणाऱ्या दारांचा प्रसार झाला. दिल्लीचं उपहार चित्रपटगृह, १३ जून १९९७, ५९ बळी. कोल्हापुरात त्या रात्री प्रयोग चालू नव्हता. या एका गोष्टीसाठी देवाचे आभार मानायला हवेत.

टिपणातला मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे आणि तो ठासून मांडलाय. जुन्या वास्तूला सगळ्यात मोठा धोका असतो तो दुरुस्ती चालू असताना. विंडसर, ला फेनिचे, नोत्र दाम, तिन्ही ठिकाणी तेव्हा काम सुरू होतं. बार्सिलोनाचं लिसेऊ ३१ जानेवारी १९९४ ला जळालं ते कारागीर त्याचा लोखंडी सुरक्षा पडदाच दुरुस्त करत असताना, ठिणग्यांनी. ग्लासगोची मॅकिंटॉशने बांधलेली कलाशाळा मे २०१४ मध्ये जळाली. लोकांनी जीव ओतून तिचं पुनरुज्जीवन सुरू केलं, काम पूर्णत्वाकडे जात होतं आणि १५ जून २०१८ च्या रात्री ती पुन्हा पेटली, पहिल्याहून भयंकर.

म्हणून मागणी अशी : वेल्डिंग आणि गॅस कटरचं काम संपल्यावर निदान तासभर माणूस तिथेच बसून राहिला पाहिजे, कारण ठिणगी लाकडाच्या फटीत गप्प धुमसते. दिवसाचं काम थांबलं की तात्पुरती वीज मुख्य खटक्यावरून बंद. पाण्याची टाकी, पंप आणि नळ्या बांधकामाच्या पहिल्या टप्प्यातच, रंगरंगोटीनंतर नव्हे. मखमली पडदे आणि विंगा न पेटणाऱ्या प्रक्रियेच्या, आणि ती प्रक्रिया धुलाईत कमी होते म्हणून ठरावीक काळाने पुन्हा. मंचाच्या वरच्या पोकळीत धूर बाहेर टाकणारी झडप.

१६ फेब्रुवारी

नेपथ्याचं सामान ठेवण्याच्या जागेचा फोटो अजून नाही. कलाकारांच्या खोल्यांचे मात्र भरपूर आले, आरशांसहित. रंगभूषा करणाऱ्या एका ताईंनी कुठल्या आरशावर कोणता दिवा होता ते तोंडपाठ सांगितलं. तीन फोटोंशी ताडलं, जुळलं. तिसऱ्या रंगातून दुसऱ्यात घेतलं.

२७ मार्च, जागतिक रंगभूमी दिन

नकाशांचा पहिला संच तयार. तळमजल्याचा आराखडा, मंचाचा लांबीतला आणि रुंदीतला छेद, दर्शनी भाग, आसनव्यवस्था. सोबत ध्वनीचं टिपण आणि स्रोतांची यादी : कोणती रेषा कोणत्या फोटोवरून किंवा वहीवरून आली. संच कोणालाही तपासता यावा, आमच्यावर विश्वास ठेवायची गरज पडू नये. एक प्रत महापालिकेत दिली, एक शहरातल्या ग्रंथालयात, आणि काकांना त्यांच्या पानाची छापील प्रत. काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि एका जागी बोट ठेवलं : “हितं झालर आसं लिव्हा. दिवेवाले कायबी म्हणत्यात.” लिहिलं.

१३ एप्रिल

काकांच्या वह्यांतली बाकीची पानं समोर आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांतली नाट्यगृहं, काही शतकाच्या उंबरठ्यावरची, बरीचशी लाकडी तक्तपोशीची, सगळी अजून उभी. एकेक मोजायला एक रविवार पुरतो. लेझरचा अंतरमापक, फीत, ओळंबा, फुगा फोडून आवाज नोंदणारं यंत्र आणि दोन माणसं. इथे फोटोतल्या पेटीवरून मापं काढायची गरज नाही, भिंतीला थेट फीत लावता येते.

पहिलं नाव सांगलीचं घेतलंय. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटक सुरू केलं त्या गावापासून सुरुवात. परवानगीचा अर्ज आज टपालात टाकला. कोल्हापूरच्या यादीतलं राहिलेलं काम असं : नेपथ्याच्या खोलीचा एक तरी फोटो, मंचाखालच्या पोकळीची प्रत्यक्ष मोजणी, आणि भरल्या नाट्यगृहातल्या आणखी काही फिती, नारळाच्या.